वीज कोठे मुरते?

सायंकाळी धडधाकट असलेली मोटार सकाळी एकाएकी मुकी व्हावी, हा प्रसंग जुनी वाहने बाळगणाऱ्यांना नवा नाही. चालक किल्ली फिरवितो. इंजिनाच्या घरघरीऐवजी नुसता 'टक्' असा क्षीण आवाज येतो. पुढचे दिवे लावून पाहावेत, तर ते विझत्या निखाऱ्यासारखे लालसर दिसतात आणि पुन्हा किल्ली फिरविताच तेही मावळतात. मग घरातील चार माणसे आणि रस्त्यावरील दोन-तीन उत्साही मंडळी मागून धक्का मारतात, गाडी धडपडत सुरू होते आणि 'बॅटरी उतरली' असा निकाल देऊन सर्वजण हात झटकून मोकळे होतात.

निकाल खरा असतो, पण अपुरा असतो. बॅटरी उतरली हे तर उघडच आहे. ती कशाने उतरली, हा खरा प्रश्न होय. एखाद्या व्यवहारात गुप्त गळती असली, की 'पाणी कोठेतरी मुरते आहे' असे आपण म्हणतो. येथे पाण्याऐवजी वीज मुरत असते. पाणी मुरले तर निदान भिंतीला ओल येते. विजेच्या गळतीची ना ओल दिसते, ना आवाज येतो. अशा अदृश्य गळतीचा माग जाणते कारागीर कसा काढतात, ते आपण पाहू. परंतु त्यापूर्वी बॅटरीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

मोटारीची बॅटरी म्हणजे एकच विद्युत्-घट नव्हे. सहा घटांची ती मालिका असते. प्रत्येक घटात शिशाच्या जाळीदार पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून ठेवलेल्या असतात. निम्म्या पट्ट्यांवर सच्छिद्र शिसे आणि उरलेल्या पट्ट्यांवर शिशाचे तपकिरी ऑक्साइड भरलेले असते. या दोन पदार्थांची व आम्लाची परस्परांवर क्रिया होऊन प्रत्येक घटात दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब उत्पन्न होतो. सहा घटांचा मिळून तो सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने असा घट प्रथम तयार केला. १८०० साली व्होल्टाने जो घट जगापुढे ठेवला होता, तो एकदा संपला की संपला. प्लांतेच्या घटात मात्र उलट दिशेने प्रवाह सोडला, की तो पुन्हा भरत असे. मोटारीला नेमका हाच गुण हवा होता.

बॅटरी वीज देत असते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पाण्यासारखे सौम्य होत जाते. बॅटरी भरताना याच्या उलट क्रिया घडते. परंतु उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडू दिली, तर सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि ते मग सहजासहजी विरघळत नाहीत. म्हणून विजेची गळती ही केवळ एका सकाळची अडचण नव्हे. ती बॅटरीचे आयुष्यच कुरतडत असते.

बॅटरीत किती वीज मावते, हे 'ॲम्पिअर-तास' या मापाने सांगतात. बॅटरी ६० ॲम्पिअर-तासांची आहे, याचा अर्थ ती ३ ॲम्पिअरचा प्रवाह सुमारे २० तास देऊ शकेल. आता एक गणित करा. इंजिन सुरू करणारी जी मोटर असते, जिला आपल्याकडे सर्वजण 'सेल्फ' म्हणतात, ती चालू असताना २०० ॲम्पिअरपर्यंत प्रवाह ओढते. आकडा भयंकर वाटतो. पण सेल्फचे काम दोन-तीन सेकंदांचेच. तीन सेकंदांचा हिशेब केला, तर एका ॲम्पिअर-तासाचा केवळ सहावा हिस्सा खर्च होतो. उलट १० वॉटचा एखादा लहानसा दिवा घ्या. तो अवघा ०.८ ॲम्पिअर प्रवाह घेतो. रात्री दहा तास तो जळत राहिला, तर आठ ॲम्पिअर-तास वीज जाते, म्हणजे इंजिन चाळीसाहून अधिक वेळा सुरू करता आले असते एवढी! मोठ्या खर्चाने बॅटरी क्वचितच मरते. तिला मारतो तो हा बारीक, अखंड खर्च.

पूर्वी सेल्फ नव्हता, तेव्हा बॅटरी उतरल्याचे एवढे संकट वाटत नसे. पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवीत आणि इंजिन जागे करीत. मात्र इंजिनाने उलटा हिसका दिला, तर फिरविणाऱ्याचे मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅक मोटारींत बसविण्यात आला आणि मनगटे वाचली. पण त्या दिवसापासून मोटार बॅटरीच्या ताब्यात गेली.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. एका तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे डिझेलवर चालणारी जुनी अँबॅसिडर गाडी होती. ही गाडी एके काळी आपल्या देशात सर्वत्र दिसे. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. डॉक्टरांची गाडी रोज पाच-सहा वाड्यांवर फिरून येई आणि रोज सकाळी मुकाट्याने सुरूही होई. परंतु दोन-तीन दिवस ती जागची हलली नाही, की सेल्फ लागत नसे. वर्षभरात दोन वेळा नवी बॅटरी घालून झाली, तरी रड कायम. संशय साहजिकच चालकावर आला. 'हाच रात्री दिवे लावून विसरतो,' असे घरातील माणसे म्हणू लागली. चालक बिचारा शपथा घेई. पण वीज गेलेली खरी आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे, हेही खरे. पुढे पावसाळ्यात संततधारेमुळे गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या रात्री दूरच्या वाडीवरून एका अत्यवस्थ रुग्णासाठी बोलावणे आले. गाडी सुरू होईना. सुदैवाने शेजाऱ्यांचा टेंपो मिळाला व डॉक्टर वेळेत पोहोचले. परंतु चालकाची नोकरी आता राहत नाही, असे घरात जवळजवळ ठरले.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावण्यात आले. आल्याबरोबर त्यांना सांगण्यात आले, "मिस्त्री, तिसरी बॅटरी घाला आणि मोकळे व्हा."

मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रोग्याची नाडी न पाहता तुम्ही औषध देता काय? मला दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत त्यांनी जे केले, ते क्रमाने समजून घेण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न असा, की दोष बॅटरीत आहे की गाडीत? त्यांनी बॅटरी बाहेर काढून पूर्ण भरली आणि रात्रभर लाकडी फळीवर नुसती ठेवून दिली. सकाळी मल्टिमीटरने दाब पाहिला, तो १२.६ व्होल्ट. मग हायड्रोमीटरने त्यांनी सहाही घटांतील आम्ल तपासले. काचेच्या नळीतील तो लहानसा तरंगणारा काटा आम्ल जितके तीव्र तितका वर तरंगतो. भरलेल्या घटात आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते. एखादाच घट इतरांच्या मानाने मागे पडला असता, तर बॅटरीच रोगी ठरली असती. येथे सहाही घट सारखे होते. बॅटरी निर्दोष सुटली.

दुसरा प्रश्न, गाडी चालत असताना बॅटरी भरते की नाही? न भरणारी बॅटरीही उतरतेच. पण ती गळती नव्हे, उपासमार होय. बॅटरी पुन्हा बसवून मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवले व दाब मोजला. तो सुमारे १४ व्होल्ट होता. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब आढळला, तर वीज निर्माण करणारे यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, आपले काम करीत आहे असे समजतात. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी भुकटी साचल्यानेही जोड कच्चा पडतो आणि भरलेली बॅटरी उतरल्यासारखी वागते. तीही तेथे नव्हती. तेव्हा आता एकच शक्यता उरली. गाडी उभी असताना कोणीतरी वीज पीत होते.

किती वीज, हे मोजल्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रींनी बॅटरीच्या ऋण टर्मिनलावरची वायर सोडविली आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला. वाड्याच्या टाकीतून निघणाऱ्या मुख्य नळावर पाण्याचा मीटर बसवावा, त्यातलाच हा प्रकार. कोणत्याही खोलीत पाणी ठिबकत असो, ते या मीटरातूनच जाणार. मात्र मीटर असा जोडलेला असताना किल्ली चुकूनही फिरवायची नाही. मीटर फार तर १० ॲम्पिअर सोसू शकतो आणि सेल्फ मागतो २००!

येथे थोडे थांबून मुलांना बजावून सांगितले पाहिजे, की हे काम वडीलधाऱ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून करू नये. बॅटरीतील आम्लाने कातडी भाजते. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ काडी ओढू नये. बहुतेक गाड्यांच्या लोखंडी अंगाला ऋण टोक जोडलेले असते. म्हणून सोडविताना आधी ऋण वायरच सोडवितात. तसे केले नाही आणि धन टर्मिनलावरचा पाना चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांचा लोट उडतो. हातातील अंगठीने असा जोड साधला, तर ती क्षणात लाल होते. जुने मिस्त्री कामाला बसण्यापूर्वी अंगठी काढून खिशात घालतात, ते याचसाठी.

डॉक्टरांच्या गाडीकडे परत येऊ. दारे बंद केली, कारण दार उघडे असले की आतला दिवा लागतो व भलताच आकडा दिसतो. दोन-चार मिनिटे जाऊ दिली. मग मीटरावर आकडा स्थिर झाला, तो ०.६३ ॲम्पिअर. गाडी बंद, किल्ली चालकाच्या खिशात, एकही दिवा लागलेला नाही, आणि तरीही अर्ध्याहून अधिक ॲम्पिअर वीज अखंड वाहत होती! चालकाचा चेहरा त्या आकड्याने जरा उजळला.

जुन्या गाडीत काहीच चालू नसताना जवळजवळ शून्य प्रवाह असावा. घड्याळ वगैरे असले, तर थोडासा. नव्या गाड्यांत लहान-मोठी संगणकयंत्रे झोपेतही किंचित जागी असतात, त्यामुळे सुमारे ०.०५ ॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानतात. ०.६३ मात्र कोणत्याही न्यायाने क्षम्य नव्हता.

आता चोर शोधायचा. त्याची युक्ती सोपी आहे. वाड्यात नेमका कोठला नळ ठिबकतो हे कळत नसेल, तर एकेका खोलीची चावी बंद करीत मुख्य मीटराकडे पाहत जावे. ज्या चावीसरशी काटा थांबेल, त्या खोलीत शिरावे. मोटारीत फ्यूज म्हणजे अशाच चाव्या. मिस्त्री एकेक फ्यूज काढीत गेले व चालक मीटराचा आकडा वाचीत गेला. पहिला काढला, ०.६३. दुसरा काढला, ०.६३. सगळे फ्यूज निघाले, तरी आकडा जागचा हलला नाही.

नवशिका येथे गोंधळून गेला असता. मिस्त्रींच्या मुद्रेवर मात्र समाधान दिसले. चोर फ्यूजच्या वाटेने जात नाही, एवढी मोठी माहिती त्या न हललेल्या आकड्याने दिली होती. जुन्या गाड्यांत फ्यूज थोडेच असतात आणि काही वायरी त्यांना वगळून थेट बॅटरीकडे जातात. सेल्फची जाड वायर, अल्टरनेटरची वायर, आणि मागाहून कोणी हौसेने बसविलेल्या वस्तूंच्या वायरी या त्यांपैकी होत. शेवटचा प्रकार फार बोकाळलेला आहे. रेडिओ, कर्णा, धोक्याची घंटा, जादा दिवे. बसविणारा घाईत असतो आणि सर्वांत जवळची वायर पकडून जोड मारतो. वर चिकटपट्टी गुंडाळली, की काम झाले!

डॉक्टरांच्या गाडीत असा एक रेडिओ होताच. त्याची थेट जोडलेली वायर सोडविताच मीटर ०.६३ वरून ०.६० वर उतरला. डॉक्टर म्हणाले, "सापडला चोर!"

मिस्त्रींनी मान हलविली. रेडिओ ०.०३ ॲम्पिअर घेत होता, म्हणजे दिवसाला पाऊण ॲम्पिअर-तासाहूनही थोडी कमी वीज. त्या वेगाने ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला ऐंशी दिवस लागले असते. गाडी तर तीन दिवसांत बंद पडत होती. रेडिओने चोरी केली होती, पण ती चिमूटभर साखरेची. पोते रिकामे करणारा वेगळाच होता. गळतीचा शोध घेताना पुष्कळांचे पाऊल येथेच चुकते. पहिला संशयित हाती लागला की ते थांबतात. त्याने किती नेले याचा हिशेब कोणी करीत नाही. उरलेल्या ०.६० ॲम्पिअरचा हिशेब मात्र बरोबर जुळत होता. ७२ तासांत ४३ ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग. उरलेल्या विजेवर डिझेलचे जड इंजिन फिरणे शक्य नव्हते. रोजच्या रात्री मात्र सात-आठ ॲम्पिअर-तासच जात आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरफटक्यात ते भरून निघत. गाडी रोज चालते आणि विश्रांती मिळाली की रुसते, या कोड्याचा उलगडा असा झाला.

मिस्त्रींनी इंजिनाच्या बाजूला हात घातला. गाडी आदल्या दिवसापासून उभी होती. इंजिन थंडगार होते. पण अल्टरनेटर हाताला किंचित कोमट लागला. त्यांनी त्याची जाड वायर सोडविली आणि मीटरावर शून्य आले.

जो अल्टरनेटर १४ व्होल्ट देऊन बॅटरी भरीत होता, तोच ती रिकामी कशी करील? याचे उत्तर त्याच्या पोटातील डायोड नावाच्या लहान भागांत आहे. डायोड म्हणजे विजेची एकतर्फी झडप. वीज अल्टरनेटरातून बॅटरीकडे जाऊ शकते. परत येऊ शकत नाही. त्यांपैकी एखादी झडप नीट मिटेनाशी झाली, तर इंजिन चालू असताना फारसे काही बिघडलेले दिसत नाही. पण इंजिन थांबले, की बॅटरीतील वीज त्या फटीतून उलटी झिरपू लागते आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याहून जुन्या, डायनॅमो असलेल्या गाड्यांत हे द्वारपालाचे काम कट-आउट नावाची कळ करीत असे. तिचे स्पर्शबिंदू एकमेकांना चिकटून बसले, तर तेथेही अशीच, किंबहुना याहून मोठी गळती होई.

प्रत्येक गाडीत चोर अल्टरनेटरच असेल असे नाही. पुष्कळदा डिकीतील किंवा कप्प्यातील दिव्याची कळ अडकते व झाकण बंद केल्यावरही दिवा जळत राहतो. बंद डिकीत दिवा विझला की नाही, हे कसे पाहणार? हल्ली फोनचा कॅमेरा चालू करून आत ठेवतात व मागाहून चित्रण पाहतात. पूर्वीचे कारागीर डिकी उघडताच दिव्याला बोट लावून पाहत. गरम लागला, की गुन्हा शाबीत. त्यांच्यापाशी मल्टिमीटरही नसे. वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये ते १२ व्होल्टांचा साधा दिवा धरीत आणि तो किती उजळतो यावरून गळतीचा अंदाज घेत. कोकणासारख्या दमट मुलखात आणखी एक प्रकार आढळतो. बॅटरीच्या माथ्यावर धूळ व आम्लाचा ओलसर थर साचतो आणि त्यातूनच एका टर्मिनलाकडून दुसऱ्याकडे थोडीथोडी वीज वाहते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा पुसून कोरडा केला, की ती थांबते. मात्र ते पाणी घटात उतरू देऊ नये.

डॉक्टरांच्या गाडीतील डायोड बदलले. तिसरी बॅटरी आणावी लागली नाही. गाडी मुद्दाम चार दिवस उभी करून ठेवली व पाचव्या दिवशी डॉक्टरांनी किल्ली चालकाच्याच हाती दिली. सेल्फ पहिल्या फिरकीला लागला. रेडिओची वायरही तोडून टाकावी, असे डॉक्टरांचे मत पडले. पण मिस्त्रींनी ती, मध्ये एक फ्यूज घालून, नीट जोडून दिली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा ऋण वायर सोडवून ठेवावी, एवढे सांगून त्यासाठी लागणारा पाना त्यांनी चालकाच्या स्वाधीन केला.